"हळदच आहे ती"

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा. पण घरात कुणी गुडघ्यासाठी, शुगरसाठी, केसांसाठी 'नॅचरल' कॅप्सूल घेत असेल तर वाचाच.

दिवाळीनंतर आमच्या आत्याचे गुडघे पुन्हा दुखायला लागले. वय ६६, जिना चढताना त्रास. वॉकिंग ग्रुपमधल्या एका बाईंनी कर्क्युमिनच्या कॅप्सूल सुचवल्या. कर्क्युमिन म्हणजे हळदीतला तो पिवळा घटक. ९५ टक्के अर्क, सोबत मिऱ्याचा अर्क, रोज दोन कॅप्सूल. महिन्याभरात गुडघ्याला बरं वाटलं, हे ती आजही ठामपणे सांगते, आणि मी ते खोटं मानत नाही. पण सातव्या आठवड्यात अन्नावरची वासना गेली. लघवी गडद पिवळी, मग डोळेही पिवळे. रक्त तपासलं तर एसजीपीटी चारशेच्या पुढे. साधारण चाळीसपर्यंत असावं लागतं ते. हिपॅटायटिसच्या तपासण्या निगेटिव्ह, सोनोग्राफीत खडे नाहीत. डॉक्टरांनी तीन वेळा विचारलं, "आजी, दुसरं काही घेता का? काढा, चूर्ण, कुणी दिलेल्या गोळ्या?" तिन्ही वेळा उत्तर एकच, "काही नाही हो डॉक्टर."

घरी आल्यावर मला डायनिंग टेबलावर ती बाटली दिसली. मीठ-लोणच्याच्या शेजारी.

"अगं आत्या, हे काय?"

"अरे, ते औषध नाही. हळदच आहे ती."

डॉक्टरांना बाटलीचा फोटो पाठवला. त्यांनी लगेच बंद करायला सांगितलं. दोन महिन्यांत आकडे उतरले. डॉक्टर प्रामाणिक माणूस. म्हणाले, "कॅप्सूलमुळेच झालं असं छातीठोकपणे नाही सांगणार. पण संशय घ्यायला भरपूर जागा आहे. परत घेऊ नका." विषय इथे संपायला हवा होता. पण आपण पडलो सांगलीचे. हळदीवर संशय घ्यायचा म्हणजे आपल्याच घरातल्या माणसावर संशय घेण्यासारखं. इथल्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालंय, हरिपूरच्या पेवांत ती पिढ्यान्‌पिढ्या साठवली गेली, यार्डातल्या सौद्यांचा वास अजून नाकात आहे. तेव्हा म्हटलं, नीट बघू या.

आधी बाटली फिरवून बघितली. समोर ठळक अक्षरांत 'क्लिनिकली प्रूव्हन'. मागे, चष्मा लावूनही वाचायला त्रास होईल अशा अक्षरांत, 'औषधी वापरासाठी नाही'. एकाच बाटलीवर दोन्ही! मागच्या बाजूला एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक. म्हणजे कायद्याच्या नजरेत हा खाद्यपदार्थ, औषध नव्हेच. कस्टमर केअरला फोन लावला. कोणती चाचणी, किती लोकांवर, कुठे छापली? पलीकडचा मुलगा बिचारा नम्र होता. "सर, रिपोर्ट कंपनीकडे आहे." मग मला पाठवा. "सर, तो कॉन्फिडेन्शियल आहे." जाहिरातीत वापरताना कॉन्फिडेन्शियल नव्हता, ग्राहकाने मागितल्यावर झाला.

मग पुढचे चार-पाच रविवार मी या शोधात घालवले. मी डॉक्टर नाही, वैद्य नाही. इंग्रजी वाचता येतं आणि चिकाटी आहे, एवढंच भांडवल. जे सापडलं ते ऐका, कारण ते जाहिरातीपेक्षाही रंजक आहे आणि भीती घालणाऱ्या व्हिडिओंपेक्षाही.

हळदीवर संशोधन नाही, हे साफ खोटं. भरपूर आहे. थायलंडमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या ३६७ रुग्णांवर केलेली चाचणी २०१४ मध्ये छापून आली. निम्म्यांना रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क, निम्म्यांना १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन. चार आठवड्यांनी दुखणं दोन्हीकडे जवळपास सारखंच कमी झालं होतं, आणि हळदवाल्यांना पोटदुखीचा त्रास कमी झाला. म्हणजे आत्या म्हणते ते अगदीच मनाचे खेळ नाहीत. पण चाचणी चारच आठवड्यांची होती. आत्या सातव्या आठवड्यात आजारी पडली. आणि आपल्याकडे लोक या कॅप्सूल वर्षवर्षभर घेतात.

दुसरी बाजूही आहे. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा मोठा आढावा आला. तोवर कर्क्युमिनच्या १२० च्या वर क्लिनिकल चाचण्या झाल्या होत्या. लेखकांचं म्हणणं असं की हा रेणू अस्थिर आहे, शरीरात नीट शोषला जात नाही आणि औषध म्हणून त्याच्याकडून फार आशा धरू नये. शोषण होत नाही म्हणून तर मिरी आली. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन, म्हणजे मिऱ्यातला तिखट घटक, दिलं तर शोषण २००० टक्क्यांनी वाढतं. आज बाजारातल्या बहुतेक कॅप्सूलमध्ये मिरी असते ती यामुळे. पण पिपेरिन शरीराची औषधं निकामी करून बाहेर टाकायची यंत्रणाच मंदावतं. मग बीपीच्या, फिटच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं काय होईल? हा प्रश्न बाटलीवर कुठेही नव्हता.

आता एक साधा हिशेब. हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के असतं. चमचाभर हळद तीन ग्रॅम धरली आणि ३ टक्के कर्क्युमिन धरलं, तर झालं ९० मिलिग्रॅम. पाचशे मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ९५ टक्के, म्हणजे ४७५. एक कॅप्सूल म्हणजे पाच चमच्यांहून जास्त हळद, दोन म्हणजे दहा, वर मिऱ्याने शोषण वाढवलेलं. आपली आजी भाजीत चिमूटभर घालायची. तेव्हा 'हळदच आहे ती' हे वाक्य भाजीला लागू पडतं, बाटलीला नाही. इंग्रजीत ही गोष्ट ठिकठिकाणी लिहिलेली आहे. मराठीत मला कुठेही सरळ सापडली नाही.

आणि यकृताचं? अमेरिकेत औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेची नोंद ठेवणारं डॉक्टरांचं एक नेटवर्क आहे. त्यांनी २०२२ मध्ये हळदीच्या पूरकांशी संबंधित १० रुग्ण मांडले. पाचांना रुग्णालयात भरती करावं लागलं, एक दगावला. दहापैकी सातांमध्ये एक विशिष्ट जनुकीय ठेवण आढळली. म्हणजे सगळ्यांना होत नाही, काहींनाच होतं, आणि कुणाला होईल ते आधी कळत नाही. इटलीने त्याच वर्षी हळदीच्या पूरकांवर इशारा छापणं सक्तीचं केलं. दहा हा आकडा मोठा नाही, हेही मान्य. हजारो लोक घेतात आणि काही होत नाही. माझं म्हणणं 'हळद विष आहे' असं नाहीच. असा स्क्रीनशॉट काढून कुणी फिरवू नका, मला यार्डातून जायचं असतं.

माझं म्हणणं वेगळं आहे. ही सगळी माहिती अस्तित्वात होती. आत्याने पहिली कॅप्सूल घेतली त्या दिवशीही होती. पण ती ज्या ठिकाणी होती तिथवर आत्या सात जन्मात पोचली नसती.

हे लिहिताना मला हळदीचंच दुसरं प्रकरण आठवतं. १९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेने मिसिसिपीच्या एका विद्यापीठाला हळदीने जखम भरण्याचं पेटंट दिलं होतं. आपल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते आव्हानित केलं आणि १९९७ च्या ऑगस्टमध्ये ते रद्द झालं. आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवी. पण जिंकलो कशामुळे? 'आमची आजी लावायची' एवढं म्हणून नाही जिंकलो. सीएसआयआरने ३२ छापील संदर्भ पुढे ठेवले, त्यात १९५३ मधला इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला लेखही होता. कागद सापडला म्हणून जिंकलो. त्यातूनच पुढे पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी उभी राहिली, टीकेडीएल. संस्कृत, अरबी, फारसी, तमिळ ग्रंथांतली लाखो सूत्रं संगणकावर आणली आणि पाच भाषांत मांडली. कोणत्या पाच? इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी. कारण ती पेटंट कार्यालयांसाठी होती, तिथे तेच योग्य होतं. पण बघा, पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याला हे तंत्रज्ञान जमत होतं. म्युनिकच्या आणि टोकियोच्या कारकुनाला हळदीची माहिती त्याच्या भाषेत मिळावी याची सोय आपण केली. सांगलीच्या आत्याची अजून झालेली नाही.

आता आजची स्थिती. आपल्याकडे सीटीआरआय आहे, क्लिनिकल चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही. आयसीएमआर चालवतं, २००७ पासून. कुणालाही फुकट बघता येते, आयुर्वेदाच्या चाचण्याही त्यात असतात. चांगली गोष्ट आहे, खरंच. एप्रिल २०१८ पासून तर चाचणी सुरू होण्याआधीच नोंद करावी लागते, म्हणजे निकाल नावडता आला म्हणून चाचणी गायब करणं अवघड झालं. पण मी तिथे आत्याच्या बाटलीवरचं ब्रँडचं नाव टाकलं, काही आलं नाही. 'कर्क्युमिन' इंग्रजीत टाकलं, तर नोंदीच नोंदी. त्यातली आपल्या बाटलीची कोणती? तिचा निकाल काय लागला? अनेक नोंदी 'रुग्ण भरती सुरू' किंवा 'पूर्ण' इथेच थांबलेल्या. सगळं इंग्रजीत, आणि तेही डॉक्टरांच्या इंग्रजीत. आयुष मंत्रालयाचं रिसर्च पोर्टल आहे, तिथेही तेच. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी कॉलेजांना हजारो महागडी नियतकालिकं मोफत वाचायला मिळाली. उत्तम. पण ती कॉलेजच्या आत. गावातला वैद्य, मेडिकल दुकानदार, तुम्ही-मी बाहेरच. आणि थायलंडचा तो लेख तर मुळातच सगळ्यांना फुकट उघडा आहे. तरी आत्यासाठी तो कुलूपबंदच.

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. पूरक म्हणून विकलं तर एफएसएसएआयचे २०१८ चे दाव्यांचे नियम लागू होतात. दाव्याला पुरावा हवा असं ते म्हणतात, पण तो पुरावा ग्राहकाला दिसला पाहिजे असं नाही. आयुर्वेदिक औषध म्हणून विकलं आणि ते ग्रंथोक्त असेल, तर परवान्यासाठी ग्रंथाचा आधार पुरतो. जाहिरातीआधी परवानगी घ्यायचा नियम १७० सरकारने जुलै २०२४ मध्ये काढून टाकला, सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण बंद करताना ती स्थगितीही उठवली. माहिती अधिकारात पुरावा मागितला तर 'व्यावसायिक गोपनीयता' हे उत्तर तयारच असतं. म्हणून मी म्हणतो, बंदी राहू दे, आधी दाखवा तरी.

आणि दाखवायला आता काहीच अवघड राहिलेलं नाही. ऑगस्ट २०२३ पासून डोलोसारख्या खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. स्कॅन करा, कंपनी, बॅच, एक्स्पायरी दिसते. मग जो कुणी 'क्लिनिकली प्रूव्हन' छापेल त्याने त्या शब्दांशेजारी क्यूआर छापावा. स्कॅन केलं की सीटीआरआय क्रमांक आणि पानभर मराठी. चाचणी किती लोकांवर, किती दिवस, कशाशी तुलना, पैसे कुणी दिले, फायदा किती, त्रास कुणाला झाला, आणि चाचणी याच उत्पादनावर होती की दुसऱ्याच अर्कावर. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. अश्वगंधाचंच घ्या. २०१२ ची गाजलेली चाचणी, ६४ जण, ६० दिवस, रोज दोनदा ३०० मिलिग्रॅम तीव्र अर्क, ताण कमी झाला. तो निकाल आज कुणीही साध्या चूर्णाच्या पुडीवर चिकटवतो. चाचणी एकाची, वरात दुसऱ्याची. क्रमांक छापायची सक्ती केली तर ही चोरी मोबाइलवर दहा सेकंदांत पकडता येईल. ज्याच्याकडे क्रमांक नाही त्याने 'परंपरेने वापरलं जाणारं' असं लिहावं. त्यात कमीपणा काय? खरं आहे ते.

भाषांतराचं म्हणाल तर सरकारचं 'भाषिणी' २०२२ पासून आहे. पण नुसतं यंत्रावर सोडू नका. मी एक सारांश असाच एका एआय चॅटबॉटकडून मराठीत करून घेतला. सुंदर मराठी! फक्त 'आयबुप्रोफेनपेक्षा कमी नाही' याचं 'आयबुप्रोफेनपेक्षा प्रभावी' झालं, आणि शेवटी दिलेल्या तीन संदर्भांपैकी एक लेख जगात अस्तित्वातच नव्हता. जाहिरातवाल्यालाही इतकं सफाईने जमलं नसतं. यंत्राने कच्चा मसुदा करावा, माणसाने तपासावा. ती माणसं आपल्याकडे आहेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली राज्यभरची मेडिकल आणि आयुर्वेद कॉलेजं येतात. एमडी करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो, तो बाइंडिंग होऊन कपाटात जातो आणि तिथेच वाळवीच्या कामी येतो. प्रत्येकाने आपल्या प्रबंधाचा आणि आणखी एका छापील चाचणीचा पानभर मराठी सारांश लिहावा, गाइडने सही करावी, विद्यापीठाने तो खुला ठेवावा. कोक्रेन नावाची आंतरराष्ट्रीय संस्था सोप्या भाषेतले असे सारांश कितीतरी वर्षं करते आहे, त्यातले काही तमिळ-मल्याळममध्येही आहेत. आपल्याला शून्यातून सुरुवात करायची नाही.

माझ्या एका वैद्य मित्राला हे सांगितलं तर तो चिडला. "सगळं आयुर्वेदालाच का? अॅलोपॅथीच्या कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत का?" नाहीत. तिथेही नावडते निकाल दडपले जातात, म्हणून तर जगभर या नोंदवह्या सुरू झाल्या. आणि त्याचा दुसरा मुद्दा मला पटला. तो म्हणाला, ज्या कॅप्सूलने त्रास झाला ती कुठल्याही संहितेत नाही. ९५ टक्के अर्क आणि मिरी हा फॅक्टरीचा योग, चरकाचा नव्हे, पण बदनामी मात्र आमची होते. बरोबर आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं छापलं, तेव्हा आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती वनस्पती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे तपासलं का? प्रश्न रास्त होता. पण तो प्रश्न बाटलीवर बॅच, मूळ वनस्पती आणि तपासणीचा अहवाल स्कॅन करून मिळत असता तर वाद दोन दिवसांत मिटला असता. म्हणजे पारदर्शकतेचा सगळ्यात जास्त फायदा चांगल्या वैद्याला आणि चांगली हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याला आहे. आत्ता मिरजेच्या चोख मालाला आणि कुठल्यातरी गोदामातल्या भेसळीला बाटलीवर एकच लेबल लागतं.

केंद्रात आयुष खातं सध्या बुलढाण्याच्या प्रतापराव जाधवांकडे आहे. मे २०२५ मध्ये त्यांनी 'आयुष सुरक्षा' पोर्टल सुरू केलं, फसव्या जाहिराती आणि दुष्परिणाम नोंदवायला. त्याचा वापर करा. औषधाचा त्रास नोंदवायला १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री क्रमांकही आहे, किंवा डॉक्टरांकडून फॉर्म भरून घ्या. आत्याची नोंद आम्ही डॉक्टरांमार्फत केली. डॉक्टरच म्हणाले की त्यांच्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये पूरकाबद्दल असा फॉर्म भरायला सांगणारे आम्ही पहिलेच.

मंत्र्यांना, एफएसएसएआयला आणि विद्यापीठाला पाठवायचं पत्र मी लिहून ठेवलंय. मागणी एकच, दाव्याशेजारी क्रमांक आणि मराठी सारांश. ज्यांना सही करायची आहे त्यांनी कमेंटमध्ये नाव लिहा. आणि दुसरं एक काम. घरातल्या ज्या बाटलीवर, डब्यावर 'क्लिनिकली टेस्टेड', 'प्रूव्हन', 'डॉक्टरांनी सिद्ध केलेलं' असं काही छापलंय त्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा फोटो काढून मला इनबॉक्स करा. नोंदवहीत शोधून जे सापडेल ते, आणि सापडलं नाही तर तसं, दर रविवारी इथेच टाकत जाईन. एक निवृत्त फार्मसी प्राध्यापक आणि दोन एमडीच्या मुली तपासून द्यायला तयार झाल्यात. कंपनीचं नाव घ्यायचं की नाही ते त्यांना विचारून ठरवू, अब्रुनुकसानीचा खटला लढवण्याइतके पैसे माझ्याकडे नाहीत.

कॅप्सूल, गोळ्या, चूर्ण, काढा, थेंब, सगळं चालेल. मागच्या बाजूचा फोटो मात्र नीट उजेडात काढा, खरी गंमत तिथे असते. आत्याच्या बाटलीत अजून अकरा कॅप्सूल शिल्लक आहेत. ती टाकून द्यायला तयार नाही, "अठराशे रुपये दिलेत" म्हणते, म्हणून सध्या ती माझ्या कपाटात आहे.